घरटी एक पळी

इंझोरी मागं टाकून डांबरी रस्ता सोडला आणि नाल्याच्या कडेनं आत गेलं की राजपालचा तांडा लागतो. या तांड्यात दारूचा थेंब आणायचा नाही, असा नियम आहे. नियम करणारी बाई राजपालचीच आई, ललिताबाई. आणि हा पठ्ठ्या चैत्राच्या उन्हात थर्माकोलच्या डब्यात, बर्फात गाडून, वर जुनी सतरंजी गुंडाळून बिअरच्या पाच बाटल्या घेऊन आला. पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसून पत्ते कुटावेत, तसलाच हा प्रकार होता.

अर्थात घरी न्यायची त्याची छाती नव्हतीच. गाडीतून उतरल्यावर तो आधी तांड्यातल्याच सोमलाकाकांच्या शेतात गेला, डबा त्यांच्या विहिरीजवळच्या बैलांच्या कोठ्यात ठेवला, आणि मग साळसूद चेहऱ्यानं आईच्या पाया पडायला घरी गेला.

तांड्यातली माणसं आपसात बंजारा बोलीत बोलतात. ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतो. फक्त आईला राजपाल ‘याडी’ म्हणतो, ते तसंच ठेवतो. त्या शब्दाला दुसरा शब्द नाही.

राजपालचा बाप भाऊसिंग गायचा छान, नाचायचा छान, आणि प्यायचाही तितकंच मन लावून. राजपाल सातवीत असताना दारूनंच तो गेला. तेराव्यापर्यंत ललिताबाई गप्प होती. त्यानंतर तिनं पहार उचलली, शेजारच्या हिरीबाईला हाक मारली, आणि दोघींनी मिळून नाल्याकाठच्या सगळ्या भट्ट्या फोडल्या. सख्खा दीर आडवा आला, तर त्याच्या गळ्यात रिकामी कॅन अडकवून त्याला तांडाभर फिरवलं. तेव्हापासून पिणारे बाहेर जाऊन प्यायचे आणि उतरल्याशिवाय परत यायचे नाहीत.

आता अशा बाईच्या पोराला नोकरी कुठं लागावी? पुण्यात, बिअर गाळायच्या कारखान्यात. म्हणजे हॉटेलच होतं ते. पण काचेच्या भिंतीपलीकडं मोठमोठ्या टाक्या, आणि त्यातली बिअर थेट पुढच्या टेबलांवर. तिथं पाहुण्यातला एक माणूस राखणदार होता. बारावीनंतर राजपाल ऊसतोडीला निघाला होता, तर सोमलाकाकांनी त्याला एसटीत बसवून पुण्याला नेलं आणि त्या राखणदाराच्या हवाली केलं. आधी त्यानं टाक्या धुतल्या. मग तिथल्या उस्तादाच्या लक्षात आलं की पोराला नाक आहे. आज राजपाल स्वतः बिअर बनवतो, आणि रविवारी लोकांना लहान लहान ग्लासांतून चार तऱ्हेच्या बिअर चाखवतो. वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर कुठं थांबवायचा, काय शोधायचं, हे तो सांगतो आणि शिकलीसवरली माणसं माना डोलावतात.

ललिताबाई मात्र सगळ्यांना सांगायची, माहा पोरगा शरबताच्या कंपनीत हाये. कामाबद्दल तिनं त्याला कधी एक शब्द विचारला नाही. त्याचं लग्न झालं, पुण्यात खोली झाली, तरी ती एकदाही तिकडं गेली नाही. चल म्हटलं की म्हणायची, “बकऱ्या कोन पाहीन?” बकऱ्या विकून दोन वर्षं झाली, तरी कारण तेच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे राजपालला कळत होतं, आणि म्हणून त्याला तिचा राग नव्हता. पण आपण दिवसभर काय करतो ते आपल्या आईनं एकदा, एकदाच बघावं, एवढं एक त्याला वाटत राहायचं. दुसरं काही मागण्यासारखं उरलं नव्हतं.

बाटल्या होत्या सोमलाकाकांसाठी. बिअर बनवणारे लोक एकमेकांकडं गेले की आपल्याकडची नवलाईची बाटली भेट देतात, त्यांची तशी रीतच आहे. राजपालला मिळालेल्या अशा बाटल्यांपैकी चार त्यानं थंड खोलीत मागच्या फळीवर ठेवून दिल्या होत्या आणि वर काकांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. पाचवी त्याची स्वतःची. कारण त्याला नाक होतं, ते काकांमुळं. लहानपणी चैत्रात मोहाची फुलं वेचून आणली की काका प्रत्येक टोपलीत नाक घालून म्हणायचे, “हे वाळलं. हे दबलं. याच्यात कालचं हाये.” आणि मग राजपालला म्हणायचे, “आता तू सांग.” चुकलं तरी रागवायचे नाहीत, पुन्हा टोपली पुढं करायचे.

तर पहिल्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं विहिरीजवळ आंब्याखाली बसले. राजपालनं एक बाटली काढली आणि पुण्याहून आणलेले दोन काचेचे ग्लास पुसले. काकांनी ग्लासाकडं पाहिलं.

“एवढुसा?”

“एवढाच. आन् एका दमात नाई पेयाचं. पह्यले वास.”

“बाटली कुठची?”

“जर्मनीची. तिथं जवाले मोड आनते आन् लाकडाच्या धुरावर वाळवते. लय जुनी रीत हाये. आता ठरावीक गावातच उरली.”

काकांनी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. राजपाल रविवारी किती लोकांना असं डोळे मिटताना बघतो, पण त्यातले निम्मे मित्रांना दाखवायला मिटतात.

“होळी इझल्यावर सकाळी राखेपाशी गेलं का येते, तो वास हाये,” काका म्हणाले. “नुसता धूर नाई. थंडा धूर.”

“आता घोट घ्या.”

काकांनी घेतला. तोंड जरा वाकडं झालं, मग सरळ झालं. “कडू हाये.” थोडं थांबून, “नाई, थांब. आता कनीस भाजल्यावानी लागून राह्यलं. मांगून गोड येते थोडं. हे काहून होते बाप्पा?”

राजपालला हसू आवरेना. मोड, भट्टी, धूर, टाकी, सगळं त्यानं सांगितलं, आणि काका मधे मधे नेमकं विचारत गेले. एक ग्लास संपायला तासभर लागला. ऊन आंब्यातून खाली उतरलं आणि ग्लासात तांबडं दिसायला लागलं. इतकं सुख राजपालला पुण्यातल्या कुठल्याच रविवारी झालं नव्हतं.

मग त्यानं बाकीच्या चार दाखवल्या. एक बेल्जियममधल्या मठातली, साधू लोक बनवतात ती.

“साधू?” काका म्हणाले.

“व्हय. सकाळी प्रार्थना, मंग हेच काम.”

“आपल्याइकडचे आयती मांगते.”

दुसरी आंबट, लाकडी बूच लावलेली. तिच्यात विरजण घालतच नाहीत. धान्याचं उकळलेलं पाणी रात्रभर माळ्यावर उघडं ठेवतात, हवेतून येईल त्यानं ते आंबतं, आणि मग तीन तीन वर्षं लाकडाच्या पिंपात पडून राहतं. तिसरी काळी, काकवीसारखी दाट, इंग्लंडमधली. बनवणाऱ्यानं एकदाच केली आणि नंतर दुकान बंद केलं. आणि चौथी राजपालची. गेल्या वर्षी काकांनी पाठवलेली मोहाची फुलं टाकून त्यानं एक लहान टाकी केली होती. आठवड्यात संपली. ही शेवटची बाटली.

“रोज एक काढू,” राजपाल म्हणाला. “माही सुट्टी हाये तवरोक. काका, तुमी मले पुन्याले नेलं नसतं तं...”

“एसटीनं नेलं,” काका म्हणाले आणि ग्लासाच्या तळाशी उरलेला थेंब जिभेवर घेतला. मग त्यांनी तांड्याकडं पाहिलं. “हे एकट्यानं पेयासारखं नाई पोरा,” ते म्हणाले. आपण दोघं आहोत म्हणून ते म्हणाले, असं राजपालला वाटलं आणि त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बर्फ आणायला कारंज्याला गेला. बर्फ मिळाला, पण परतीची गाडी उशिरा लागली, आणि तो तांड्यावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. तांड्याचा कारभार बघणाऱ्या नायक पुंजाजींच्या घरासमोर लिंबाखाली माणसं जमलेली. बायाही होत्या. कोणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून तो बर्फाची गोणी खांद्यावर घेऊनच धावत गेला.

मधोमध पितळेचं मोठं पातेलं होतं. पातेल्याशेजारी चार रिकाम्या बाटल्या नीट ओळीनं उभ्या. लाकडी बूच मातीत पडलेलं. टोपणं काढायला वापरलेला विळा सोमलाकाकांच्या मांडीवर. पातेल्यात काळपट तांबडा फेस.

इथं तांड्याची एक रीत सांगायला पाहिजे. सणाला बोकड पडला की त्याचे घरटी वाटे होतात, सगळे सारखे. घरात एक माणूस असो की दहा, नायकाचं घर असो की विधवेचं, वाटा तेवढाच. आणि सगळं आधी एकत्र कालवतात, म्हणजे चांगला तुकडा याला आणि हाडूक त्याला, असं होत नाही. खायची वस्तू बाहेरून आली, तिलाही तोच न्याय. सोमलाकाकांनी आदल्या दिवशी आयुष्यात चाखली नव्हती अशी वस्तू चाखली होती. ती कोठ्यात लपवून दोघांनीच संपवायची, हे त्यांच्या पोटात राहिना. मग त्यांनी जे उत्तम ते केलं. चारही बाटल्या एका पातेल्यात ओतल्या.

साधूंची, पिंपातली, काळी आणि मोहाची. पुण्यातल्या एखाद्या रसिकानं हे पाहिलं असतं तर त्याला तिथंच सलाइन लावावी लागली असती. राजपालच्या खांद्यावरून बर्फाची गोणी घसरली. तीन वर्षं पिंपात पडलेली ती आंबट बाटली पुन्हा मिळायची नव्हती, काळी तर जगात कुठंच मिळायची नव्हती, आणि त्याची स्वतःची, जी त्यानं काकांना एकट्याला द्यायची म्हणून इतके महिने कोणाला दाखवलीही नव्हती, ती त्या फेसात कुठं होती देव जाणे.

पण हे सगळं त्याला नंतर सुचलं. आधी त्याला दिसलं ते वेगळंच. पातेल्यासमोर पाट टाकून त्याची आई बसली होती, आणि तिच्या हातात पळी होती.

आपण तिच्या तांड्यात चोरून दारू आणली, आणि आता हे सगळ्यांसमोर उघडं पडलं. गळ्यात कॅन अडकवली तरी चालेल, असं त्याला वाटलं. पण ही आता पुण्याला कधीच येणार नाही. आपण काय करतो हे ती मरेपर्यंत विचारणार नाही. एवढं सगळं त्याच्या मनात एका दमात येऊन गेलं.

“याडी,” तो कसाबसा म्हणाला.

“बस,” ललिताबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

पुंजाजींनी घसा साफ केला. “वाटा कोन पाडीन, असा सवाल होता. आपली रीत हाये, ज्याले त्या चिजेचा मोह नाई त्यानं वाटा पाडाव. मटनाचा वाटा माळकरी पाडते. मंग याचा कोन पाडीन? सोमला म्हने, ललिता.”

“तुमी गेल्ते तिच्याकडं?” राजपालनं काकांना विचारलं.

“सकाळीच,” काका म्हणाले. “मी चोरून पेलो, तं सांगाले नाई जाव लागत? म्या म्हनलं, ललिता, आता गळ्यात कॅन अडकवाची तं माह्या अडकव, पोराच्या नको. पन एक आयकून घे. तुहा पोरगा एका गिलासाले तास लावते. भाऊसिंग तेवढ्या येळात कॅन संपवे.”

कोणीतरी हसलं. ललिताबाईचा चेहरा हलला नाही.

“पोरं दूर करा,” ती म्हणाली. “घरटी एक पळी. दुसऱ्यांदा कोनी मांगाचं नाई. ज्याले नको त्यानं वाटी पालथी ठेवाची, मी वाईट मानत नाई.”

आणि तिनं वाढायला सुरुवात केली. बावीस घरं, प्रत्येक घराची एक वाटी, वाटीत बरोबर एक पळी. पळी काठापर्यंत भरलेली, वर नाही, खाली नाही. राजपाल तिच्या हाताकडं बघत राहिला. रविवारी तो टेबलांवर ओततो तेवढाच तो घोट होता.

कोणीच वाटी पालथी ठेवली नाही. पण कोणी तोंडालाही लावेना. सगळे राजपालकडं बघत होते. शेवटी हिरीबाई म्हणाली, “सांग ना आता. सोमलाले सांगतलं तसं.”

काय सांगणार? असल्या मिश्रणाला ना नाव ना गाव. त्यानं पुंजाजींची वाटी घेतली आणि वास घेतला, आणि जे नाकाला आलं तेच सांगत गेला. आधी आंबट येते. चिचेचं नाही, अंबाडीचं. मग भाजल्यासारखं, फुटाण्यासारखं. घोट घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेच्या कडेला बघा.

तांड्यानं घोट घेतला. मोठी माणसं गाल फुगवून, डोळे वटारून बसलेली, आणि एकमेकांकडं बघून हसू दाबणारी. मग एकदम बोलायला लागली. कोणी म्हणालं करपलेला गूळ, कोणी म्हणालं जुन्या लोणच्याची बरणी. हिरीबाई म्हणाली, “अंबाडीच्या भाजीत पुरनपोळी कुस्करली कोनी.” पुंजाजींनी आपली वाटी घरातल्या म्हातारीला दिली, तिनं एक थेंब चाखला आणि हे आपल्याला अजिबात आवडलं नाही असं स्पष्ट सांगून उरलेलं सुनेला दिलं. घरोघरच्या वाट्या हातोहात फिरल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एका पळीत कोणाला काय चढणार?

राजपालनं आता काकांच्या वाटीतून स्वतः घोट घेतला. वाटलं होतं, गटारासारखं लागेल. नाही लागलं. कुठलाही उस्ताद असं काही करणार नाही, आणि कोणी केलं तर त्याला कोणी कामावर ठेवणार नाही. पण आंबटानं काळ्याचा जडपणा कापला होता, साधूंच्या बिअरचा सुका मेवा मधेच डोकं वर काढत होता. असा घोट जगात पुन्हा कोणाला मिळायचा नव्हता, आणि तो या बावीस घरांनी मिळून घेतला होता. पाच बाटल्या आणून आपण काकांचे उपकार फेडायला निघालो होतो, आणि काकांनी उलट आपल्यालाच हे देऊन टाकलं, हे त्याला कळलं. त्यानं उठून काकांच्या पायाला हात लावला.

“काहून बे?” काका म्हणाले. “मले वाटलं, तू रागावशीन.”

“रागावलो होतो,” राजपाल म्हणाला. “आता नाई.”

पातेलं रिकामं होत आलं होतं. शेवटचा वाटा ललिताबाईच्या घरचा. तिनं आपल्याच वाटीत एक पळी घातली, पळी पातेल्याच्या काठावर झटकली, आणि वाटी राजपालकडं सरकवली नाही. ती स्वतःच्या हातात धरली.

हिरीबाईनं पदर तोंडाला लावला.

ललिताबाईनं वाटी नाकाशी नेली. तिचे डोळे क्षणभर घट्ट मिटले, आणि ते मिटणं चवीसाठी नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. तिच्या घरात किती रात्री हा वास आला होता, हे तांड्याला ठाऊक होतं. वाटी खाली ठेवेल असं वाटलं. तिनं ठेवली नाही. पुन्हा एकदा वास घेतला, सावकाश, पोरानं सांगितलं होतं तसा. आणि ओठ लावले.

“कडू हाये,” ती म्हणाली.

“व्हय,” राजपाल म्हणाला.

“आंबट बी हाये.” ती वाटीत बघत राहिली. “याच्यात तुह्या हातची कोन्ती?”

चारही एकजीव झालेल्या, त्यातून आपली कशी वेगळी काढून दाखवायची? पण आई पहिल्यांदाच विचारत होती.

“माही सगळ्यात मांगून येते, याडी,” तो म्हणाला. “गिळल्यावर. पह्यले आंबट जाऊ दे, मंग कडू जाऊ दे. तोंड रिकामं झालं का नाकातून श्वास सोड. मोहाच्या फुलाचा वास येईन. जरासाच. सोमलाकाकाच्या झाडाची फुलं हायेत.”

ललिताबाईनं दुसरा घोट घेतला. गिळला. ती समोर बघत बसली, तोंड मिटून, आणि राजपाल तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. पुण्यात कोणत्याही पाहुण्याच्या चेहऱ्याकडं त्यानं असं बघितलं नव्हतं. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. मग तिनं नाकातून हळू श्वास सोडला.

काही झालं नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सोडला.

“आला,” ती म्हणाली.

मग वाटीत जे उरलं होतं तेही तिनं संपवलं, थांबत थांबत, प्रत्येक घोटानंतर वाट बघत. तांडा तिच्यासाठी ताटकळत बसला, आणि कोणालाही घाई नव्हती. वाटी रिकामी झाल्यावर तिनं ती पदरानं पुसली आणि पहिल्यांदा पोराच्या डोळ्यांत बघितलं.

“तुही भट्टी मले पाह्याची हाये,” ललिताबाई म्हणाली. “फोडाले नाई. पाहाले.”